फेसाळ पाणी आणि सक्रिय कोळसा

कपडे धुण्याच्या पावडरीतील क्षालक रेणूचे एक टोक पाण्याशी सख्य राखते, तर दुसरे स्निग्ध टोक पाण्यापासून दूर पळू पाहते. आणि करवंटीचा कोळसा करून, सुमारे 900 अंश सेल्सियस तापलेल्या वाफेने त्याला असंख्य सूक्ष्म रंध्रे पाडली, म्हणजे जो सक्रिय कोळसा सिद्ध होतो, त्याच्या पृष्ठभागावर हे पळपुटे टोक जाऊन चिकटते. यालाच अधिशोषण म्हणतात. एका ग्रॅम कोळशाचे अंतर्गत क्षेत्रफळ 1000 चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे, भरू शकते. कोणत्याही तलाठ्याच्या दप्तरात न मावणारीच ही जमीन! रंध्रे भरली, की मात्र कोळसा बदलावा किंवा भट्टीत तापवून पुनश्च कामावर रुजू करावा लागतो. अशा फेसाळ पाण्यातील फॉस्फेटापुढे तर तो बहुतांशी हतबलच. तेथे चुना वा तुरटी हवी.