दत्तक वारस आणि सातारचे राज्य



‘वारस नसल्यामुळे सातारचे राज्य खालसा झाले’, हे वाक्य मुले सहज पाठ करतात. परंतु ते खरे नव्हे. वारस होता, तो मानला गेला नाही. इतिहासाच्या तासाला हा भेद मुलांच्या मनावर ठसला पाहिजे.

पेशवाईच्या अस्तानंतर, १८१९ च्या तहान्वये, कंपनी सरकारने सातारचे राज्य छत्रपती प्रतापसिंह महाराजांना व त्यांच्या वारसांना दिले. १८३९ साली महाराजांना पदच्युत करून त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांस गादीवर बसविण्यात आले. त्यांना पुत्र नव्हता. ५ एप्रिल १८४८ रोजी त्यांचे निधन झाले. तत्पूर्वी मृत्युशय्येवर त्यांनी दत्तक घेतला होता.

हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक हा औरस पुत्राप्रमाणेच वारस होय. लॉर्ड डलहौसीनेही तो विधी सर्वस्वी नाकारला नाही. खासगी मालमत्ता दत्तकास मिळेल. परंतु कंपनीने निर्माण केलेले राज्य तिच्या संमतीवाचून मिळणार नाही, असा त्याचा निर्णय होता. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क व सातारचे रेसिडेंट बार्टल फ्रिअर यांचे मत दत्तकाच्या बाजूचे होते. तथापि सातारा हा लष्करी ठाण्यांच्या वाटेवरचा मुलूख होता, वसुलाचाही लाभ होता. १८४९ साली लंडनच्या संचालक मंडळाने डलहौसीचा निर्णय उचलून धरला.

तहातील ‘वारस’ हा शब्द तोच राहिला. त्याचा अर्थ मात्र बलिष्ठाने ठरविला. न्याय मागणारा आणि न्याय देणारा एकच असल्यावर दुसरे काय होणार?

हाच न्याय पुढे झाशीस लागू झाला. गंगाधरराव १८५३ साली निवर्तले; आदल्या दिवशी घेतलेला दत्तक दामोदरराव नामंजूर होऊन १८५४ साली झाशी खालसा झाली. १८५७ च्या उठावात झाशीची राणी समरांगणात उतरली, त्यामागे हा घाव होता. उठाव शमल्यावर राज्यकर्त्यांना हे धोरण सोडावे लागले आणि लॉर्ड कॅनिंगच्या कारकिर्दीत संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा देण्यात आल्या. सातारा व झाशी मात्र परत मिळाली नाहीत.

शिक्षकाने फळ्यावर सनावळी अवश्य लिहावी. पण तिच्याखाली एक प्रश्नही लिहावा : दिलेल्या वचनाचा अर्थ कोणी ठरवावा? या प्रश्नाचे उत्तर मुले आपल्या शब्दांत देऊ लागली, म्हणजे धडा समजला असे मानावे.