निसर्ग केंद्र कुणाचे?

(वन हक्क शिबिरात एका कार्यकर्तीने केलेले भाषण. बोलली तसेच लिहून काढले आहे.)



मला बोलायला विषय दिला ‘पर्यावरण शिक्षण’. आधी वाटलं, हा विषय आपला न्हाय, शहरातल्या लोकांचा. आपला विषय प्लॉट, दावे, पावत्या. पण मग ध्यानात आलं की हा विषय आपल्या दारात येऊन उभा आहे.

पाड्याच्या वर, जंगल जमिनीवर, जिथं आपली गुरं चरतात, तिथं एक निसर्ग माहिती केंद्र बांधायचं चाललंय. साहेब लोक टेप लावून माप घेऊन गेले. दोन पोरांना गाईडचं काम देऊ म्हणाले. आता पाड्यात दोन मतं झाली. कुणी म्हणतं, होऊ द्या, पोरांना पगार लागेल. कुणी म्हणतं, आज माळ गेला, उद्या वाट जाईल. भांडणं व्हायला लागली. म्हणून मी यावर सरळच बोलते.

मी नववीत होते तेव्हा शाळेची सहल असंच एक केंद्र बघायला गेली होती. छान इमारत, काचेच्या पेटीत फुलपाखरं, भिंतीवर वाघ-बिबट्याची चित्रं. शेवटच्या भिंतीवर एक चित्र होतं, कोयता घेतलेला माणूस, लंगोटी नेसलेला, बाजूला तोडलेलं झाड. वर लिहिलं होतं, जंगलाला धोका कुणापासून. त्या माणसाच्या कमरेला कोयता अडकवायची आकडी होती, तशीच माझ्या बाच्या कमरेला असते. सगळी पोरं हसली. मी पण हसले. ते हसणं मला अजून टोचतं.

वाघबारशीला आपण वाघदेवाची पूजा करतो. ज्या वाघाला आपण देव मानतो, त्याचा शत्रू म्हणून आपलंच चित्र भिंतीवर. आणि डोंगर उघडे कुणी केले? माझी आजी सांगते, ठेकेदाराच्या गाड्या भरून लाकूड गेलं, ते तिने डोळ्याने बघितलं. नंतर तिथं नुसता साग लावला. सागाच्या रानात तिला कंद सापडत नाहीत. हे कुठल्या भिंतीवर लिहिलंय?

पण बाबांनो, दुसऱ्यावर बोट दाखवून मी खाली बसणार नाही. एक गोष्ट माझ्याच अंगावर येते, ती पण सांगते.

मी बारावी शिकले. पुस्तकात ‘परिसर अभ्यास’ होता. देशाच्या सुप्रीम कोर्टाने 1991 साली सांगितलं की पर्यावरण हा विषय सगळ्या शाळांमध्ये शिकवला पाहिजे. चांगलं सांगितलं. पण माझ्या पुस्तकातला परिसर माझा नव्हता. त्यात देवदारचं झाड होतं, काकडाचं नव्हतं. मी मार्क मिळवले, आणि रानात गेले की आजीला विचारावं लागतं, हे काय, ते काय.

मागच्या पावसाळ्याच्या तोंडाला मी आजीबरोबर शेवळं काढायला गेले. मी उपटायला लागले तर आजीने हात धरला. म्हणाली, “पोरी, कांदा जमिनीत राहू दे, पुढच्या सालाला कुठून येल?” घरी आल्यावर मी म्हटलं, लगेच शिजवू. ती म्हणाली, “काकड कुठंय? काकड न्हाय टाकलं तर घशाला खाज सुटेल.” कडू कांद्याचं पण तसंच. चकत्या करायच्या, राख घालून उकडायच्या, टोपलीत घालून वाहत्या पाण्यात ठेवायच्या, तेव्हा कडूपणा जातो. कांदा खणला की त्याचा वरचा डोळा परत मातीत पुरायचा. नवी भाजी आधी देवाला, मग आपल्याला. म्हणजे ती कोवळी असताना कुणी ओरबाडत नाही, तिला वाढायला वेळ मिळतो.

हे सगळं पर्यावरण शिक्षणच आहे. पण आजीला कुणी मास्तर म्हणत नाही, आणि आपणही तिला विचारत नाही. आपली पोरं मोबाईलवर वाघ बघतात. ओहोळात औषध टाकून मासे मारतात, त्याने बारके मासे, खेकडे सगळे मरतात, तेच पाणी गुरं पितात. हे आपल्याच पाड्यात होतं. दुसऱ्या कुणी येऊन नाही केलं.

आता कायद्याचं बोलते, कारण यात कायदा आहे.

वन हक्काचा कायदा 2006 सालचा. त्यात फक्त कसायच्या जमिनीचा हक्क नाही. कलम 3 मध्ये लिहिलंय की जे जंगल गाव आधीपासून राखत आलं, वापरत आलं, ते राखायचा, वाढवायचा आणि त्याचा कारभार करायचा हक्क गावाचा. कलम 5 मध्ये लिहिलंय की रानातली जनावरं, झाडं, पाण्याच्या जागा राखायचं काम आणि अधिकार ग्रामसभेला. म्हणजे निसर्ग राखणारे म्हणून कायद्याने आपलं नाव लिहिलं आहे. भिंतीवरचं चित्र एक सांगतं, कायदा दुसरं सांगतो.

त्याच कायद्यात शाळा, अंगणवाडी, दवाखाना, रस्ता अशी 13 कामं दिली आहेत. त्यांच्यासाठी जंगल जमीन द्यायची तर एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. पर्यटकांचं केंद्र त्या 13 मध्ये नाही. मग मी विचारते, आपल्या पोरांच्या अंगणवाडीला ग्रामसभेची शिफारस लागते, तर पाहुण्यांच्या केंद्राला का नको? माप घेणाऱ्याने आधी ग्रामसभेत यायला नको?

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. आपला सामूहिक दावा अजून भरायचा आहे. दाव्याला पुरावा लागतो. पुष्कळ जण म्हणतात, आपल्याकडे कागद कुठे आहे? बायांनो, नियम काढून वाचा. गुरं चारायच्या जागा, कंदमुळं आणि रानभाजी काढायच्या जागा, मासे धरायच्या जागा, पाण्याच्या जागा, औषधी झाडांच्या जागा, देवाची झाडं, मसणवटा, हे सगळं पुराव्यात धरतात. म्हाताऱ्या माणसांचं म्हणणं लिहून घेतलं तर तो पण पुरावा आहे.

म्हणजे आजीला जे ठाव आहे तोच आपला सातबारा. आजी गेली की तो कागद गेला. तिच्या वयाची किती माणसं पाड्यात उरली, ते तुम्हीच मोजा. म्हणून मला घाई आहे.

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा गाव आहे, गोंड लोकांचं. तिथं लोकांनी मोठी इमारत बांधून सुरुवात केली नाही. अभ्यास गट केला. बसायचं, बोलायचं, जंगल समजून घ्यायचं, कायदा समजून घ्यायचा, आणि सगळ्यांचं एकमत झालं की मगच निर्णय. अशी बरीच वर्षं काढली. म्हणून कायदा आला तेव्हा ते तयार होते. 2009 साली सुमारे 1800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क त्यांना मिळाला. 2011 साली बांबूच्या वाहतुकीचा पास द्यायचा अधिकार ग्रामसभेच्या हातात आला. अभ्यासाने पोट भरत नाही असं म्हणणाऱ्यांना मी मेंढ्याचा बांबू दाखवते.

तर माझं म्हणणं चार गोष्टींत सांगते.

पहिली. दर महिन्याला एक दिवस पोरांनी म्हाताऱ्या माणसांबरोबर रानात जायचं. वही बरोबर घ्यायची. झाडाचं आपलं नाव, कुठं आहे, कशाला लागतं, कधी काढायचं, किती ठेवायचं, हे लिहायचं. कंदमुळांचं बायांना जास्त ठाव, तर बायांनी पुढं चालायचं आणि बाप्यांनी त्या दिवशी भाकरी करायची. हसू नका, मी खरंच सांगते.

दुसरी. त्या वहीवरून नकाशा करायचा. ओहोळ, टेकडी, देवाची जागा, गुरांची वाट. जमिनीवर रांगोळीने काढा, मग कागदावर. तो वन हक्क समितीकडे द्यायचा. समितीत 10 ते 15 जण असतात, त्यात किमान एक तृतीयांश बाया पाहिजेत. आपल्या समितीत त्या नावाला आहेत की कामाला, हे आज रात्री घरी विचारा.

तिसरी. ओहोळात औषध टाकायचं बंद. हे साहेबाने सांगायच्या आधी ग्रामसभेने ठरवायचं, दंड पण आपणच ठरवायचा. जो आपला ओहोळ राखत नाही, त्याला साहेबासमोर तोंड नाही.

चौथी, केंद्राबद्दल. मी नुसतं नको म्हणत नाही. ज्या पोरांना गाईडचं काम पाहिजे ती माझीच भावंडं आहेत, त्यांना गद्दार म्हणू नका. पण ग्रामसभेत ठराव करू, की आधी सामूहिक दाव्याचा निकाल, मग केंद्राचं बोलणं. जागा ग्रामसभा दाखवेल, गुरांच्या चराईची नाही. भिंतीवर काय लिहायचं, कुणाचं चित्र काढायचं, हे ग्रामसभेला विचारून. आणि पाहुण्याला रानाची माहिती सांगायला पोरांबरोबर आजीला पण बसवायचं, तिला पण मजुरी द्यायची. हे मान्य असेल तर या, बसा, बोलू. नसेल तर माप घेतलेल्या खुंट्या तिथंच राहतील, गुरं त्यांच्या भोवतीनं चरतील.

त्या सहलीत मी हसले, त्याचं ओझं अजून माझ्यावर आहे. उद्या आपल्या पाड्याची पोरं कुठल्याही केंद्रात गेली आणि तसं चित्र दिसलं, तर त्यांनी हसू नये. वही उघडून दाखवावी, आमच्याकडे रान कसं राखतात ते बघा.

पहिली फेरी येत्या रविवारी. सकाळी लवकर, गावदेवापाशी जमायचं. वही आणि पेन्सिल मी आणते, म्हाताऱ्यांना हाताला धरून तुम्ही आणा.

जोहार. जिंदाबाद.