सांध्यांचं शास्त्र वावरात यावं
(स्वागताध्यक्षीय भाषण, हिवरखेड)



सातपुड्याच्या पायथ्याच्या या गावात स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचं मनापासून स्वागत करतो. आपल्यापैकी बरेच जण अकोल्याहून अकोट, अडगाव करत आले असतील. रस्त्याच्या दोन्ही अंगांना वेचणीला आलेली पऱ्हाटी आपण पाहिली असेल आणि तिच्यात वाकलेल्या बायाही पाहिल्या असतील. माणसाची हालचाल आणि सांध्यांचं काम या विषयाची परिषद हिवरखेडला कशाला, असं आम्हाला काहींनी विचारलं. त्याचं उत्तर त्या वावरांत आहे. पाठ, गुडघे आणि खांदे जिथे दिवसभर राबतात, तिथे त्यांचा अभ्यास व्हायला हवा.

मी शास्त्रज्ञ नाही. पण तरफेचा नियम आपण सगळेच शाळेत शिकलो आहोत. पहारीने दगड उलथवताना आपण लांबच्या टोकाला हात घालतो, म्हणून थोड्या जोरात मोठा दगड हलतो. पाठीत याच्या नेमकं उलटं घडतं. कमरेतून पुढे झुकलेल्या बाईच्या धडाचा, डोक्याचा आणि हातांचा भार कण्याच्या पुढे वीस-पंचवीस सेंटिमीटरवर लोंबतो. तो सावरणारे पाठीचे स्नायू कण्यापासून जेमतेम पाच सेंटिमीटरवर असतात. पन्नास किलोच्या बाईचा कमरेच्या वरचा भार तीस किलोच्या आसपास धरला, तर तो तोलून धरायला स्नायूंना दीडशे किलोंच्या घरात ओढ लावावी लागते. हा ढोबळ हिशेब आहे, पण डोळे उघडायला पुरेसा आहे. स्वीडनच्या आल्फ नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात माणसाच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला. ताठ उभं राहण्यापेक्षा पुढे झुकून बसल्यावर तो जास्त भरतो, हे त्यांनी दाखवून दिलं.

आणखी एक गोष्ट आहे. माणूस पुरता वाकला की पाठीचे स्नायू जवळजवळ गप्प होतात आणि सगळा ताण कण्याच्या अस्थिबंधांवर जातो. हे १९५५ सालीच नोंदलं गेलं आहे. फार वेळ ताणलेले अस्थिबंध लगेच मूळ जागेवर येत नाहीत. तास काढून धुऱ्यावर आलेली बाई कमरेवर हात ठेवून हळूहळू सरळ होते, एकदम ताठ होत नाही, त्याचं एक कारण यात असावं. घरी आपण म्हणतो, 'कंबर धरली.' त्या धरलेल्या कमरेत काय काय चाललेलं असतं, हे आमच्या बायांना कोणी कधी समजावून सांगितलं नाही.

खुब्याचंही तसंच आहे. चालताना दर पावलाला क्षणभर सगळं शरीर एका पायावर असतं. ते दुसऱ्या बाजूला कलू नये म्हणून खुब्याच्या बाहेरच्या स्नायूला जोर लावावा लागतो, आणि त्याच्याही तरफेची भुजा आखूड. बर्लिनच्या गेऑर्ग बर्गमान यांनी कृत्रिम खुब्याच्या आतच मोजमापाचं उपकरण बसवलं. साध्या चालीत खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो, आणि जिना चढता-उतरता थोडा अधिकच, असं त्यातून दिसलं. म्हणून काठी दुखऱ्या पायाच्या उलट हातात धरायची. उजवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. मग उजव्या खुब्याच्या स्नायूला तेवढा जोर लावावा लागत नाही आणि सांध्यावरचा भार चांगलाच उतरतो. आपल्या पारावर बसणाऱ्या पुष्कळ म्हाताऱ्या माणसांची काठी दुखऱ्या बाजूलाच असते. एवढी एक गोष्ट या परिषदेतून घरोघरी पोचली, तरी आम्ही मांडव घातल्याचं सार्थक होईल.

या विषयाशी वऱ्हाडचं नातं जुनं आहे. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी १९१४ साली उभं केलं, आणि १९३६ साली त्याच्या चमूने बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले. मल्लखांबावर एका हाताच्या पकडीवर तोलून राहिलेल्या मुलाच्या खांद्यात आणि मनगटात काय घडतं, याचा सविस्तर अभ्यास अमरावतीत नाही करायचा तर कुठे करायचा?

त्याच अमरावतीजवळ १९४६ साली डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांसाठी तपोवन वसवलं. त्याच सुमारास वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी वाकड्या झालेल्या बोटांसाठी चांगल्या स्नायूचा कंडरा हलवून लावण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. बधिर पायाला जखमा होण्यामागे पुन्हापुन्हा एकाच जागी पडणारा दाब असतो, हे त्यांनी ओळखलं आणि तो दाब वाटून देणारं मऊ पादत्राण रुग्णांच्या पायात आणलं. यंत्रशास्त्राचा हिशेब आणि माणसाची कणव एकाच कामात एकत्र आल्याचं याहून सुंदर उदाहरण मला माहीत नाही.

आपलं बसणं-उठणं जमिनीवरचं. जेवायला मांडी, निंदायला आणि चुलीपुढे उकिडवं. पाश्चात्त्य देशांत घडलेले कृत्रिम अवयव खुर्ची-टेबलाच्या हिशेबाने घडले. १९६८च्या सुमारास जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी असा पाय केला, की तो लावून अनवाणी चालता येतं, उकिडवं बसता येतं, शेतात उतरता येतं. पुण्याच्या डॉ. के. एच. संचेती यांनी भारतीय माणसासाठी कृत्रिम गुडघा घडवला. ही दोन्ही कामं मला फार मोठी वाटतात, कारण त्यांनी रुग्णाला त्याची बैठक बदलायला लावली नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठात शेतकरी बायांचे कष्ट हलके करणाऱ्या साधनांवर काम झालं आहे, तेही याच वाटेचं.

तरीही आमचे प्रश्न शिल्लक आहेत आणि ते मी आज आपल्यापुढे ठेवतो. वेचलेल्या कापसाची ओटी कमरेला बांधली तर पाठीवर किती भार येतो, गळ्यात अडकवली तर किती? दिवसभर उकिडवं बसून निंदण करणारीचा गुडघा चाळिशीत कसा असतो आणि साठीत कसा? किलोमागे मजुरी मिळते म्हणून बाई मधे थांबत नाही. दर तासाला थोडा वेळ ताठ उभी राहिली, तर संध्याकाळी काट्यावर तिचा कापूस खरंच कमी भरेल का? की पाठ ताजी राहिल्याने तेवढाच भरेल? हे कोणी इथे मोजून सांगितलं, तर मालकाशी बोलायला आमच्या बायांच्या हाती पुरावा येईल. आज त्यांच्याजवळ फक्त दुखणं आहे, आणि दुखण्याला कोणी मोजत नाही.

आपण उपकरणं आणली आहेत असं ऐकतो. उद्या सकाळी सातला मांडवापासून गाड्या निघतील. ज्यांच्या वावरात वेचणी चालू आहे, त्या शेतकऱ्यांनी संमती दिली आहे. ज्या बाया मोजमापासाठी तयार आहेत, त्यांच्याशी आमच्या महिला कार्यकर्त्या आधी बोलल्या आहेत. ज्यांना नको वाटलं, त्यांना कोणी आग्रह करू नये. जे निष्कर्ष निघतील ते मराठीत, त्या बायांच्या समोर बसून सांगावेत, ही माझी हात जोडून विनंती. त्यांचा वेळ मोडेल, तेवढ्या वेळची मजुरी स्वागत समिती देणार आहे. पुढच्या कामासाठी संशोधकांनीही आपल्या अंदाजपत्रकात ही रक्कम आधीच धरावी.

जेवणाची व्यवस्था मांडवाच्या मागे केली आहे. जमिनीवरच्या पंगतीबरोबर गुडघे दुखणाऱ्यांसाठी खुर्च्याही मांडल्या आहेत; संकोच करू नये. आता मी उद्घाटकांना विनंती करतो, की त्यांनी परिषदेचं उद्घाटन करावं.