एकट्या आकड्यावर विसंबू नका



जीवरसायनशास्त्राच्या या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल आपले मनापासून आभार. अध्यक्षाने साऱ्या विषयाचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. मी मात्र प्लाझ्मातील मेदविद्राव्य जीवनसत्त्वे आणि अँटिऑक्सिडंट यांच्या मापनापुरतेच बोलणार आहे.

तंत्र आता बसलेले आहे. इथेनॉलने प्रथिने खाली बसवायची, जीवनसत्त्वे हेक्झेनमध्ये उतरवायची, नायट्रोजनच्या झोताखाली हेक्झेन उडवायचे आणि उरलेला अंश विरघळवून एचपीएलसीच्या कॉलमवर सोडायचा. रेटिनॉल ३२५ नॅनोमीटरवर, अल्फा-टोकोफेरॉल २९२ वर आणि बीटा-कॅरोटीन ४५० वर वाचायचे. पण सॅम्पल यंत्रापर्यंत येईतो काय घडते? उजेडात राहिलेल्या ट्यूबमधले रेटिनॉल आणि कॅरोटीन घटत जाते. क जीवनसत्त्व तर त्याहून नाजूक. प्लाझ्मा वेगळा होताच मेटाफॉस्फोरिक आम्ल घातले नाही, तर ते भराभर नष्ट होते. मग रुग्णात नसलेली कमतरता रिपोर्टात उमटते.

सॅम्पल नीट सांभाळले तरी अर्थाचा प्रश्न उरतोच. अ जीवनसत्त्वाचा साठा यकृतात असतो आणि यकृत रक्तातली पातळी बराच काळ स्थिर राखते. त्यामुळे साठा बराच आटल्यावरच रेटिनॉल घसरते. उलट, साध्या संसर्गातही ते तात्पुरते खाली येते, कारण त्याला वाहून नेणारे प्रथिनच घटते. जागतिक आरोग्य संघटनेची ०.७० मायक्रोमोल प्रति लीटर ही सीमा तापातल्या मुलाला जशीच्या तशी लावली, तर निदान चुकू शकते. २०१६-१८ च्या आपल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात मुलांचे सीआरपी हे दाह दाखवणारे प्रथिनही मोजले होते, ते यासाठीच. ई जीवनसत्त्वाची तऱ्हा वेगळी. ते लायपोप्रोटीनवर स्वार होऊन फिरते. ज्याचे कोलेस्टेरॉल वाढलेले, त्याचे टोकोफेरॉलही चांगले दिसते.

सर्वांत फसवा आकडा ‘एकूण अँटिऑक्सिडंट क्षमते’चा. १९९६ साली आलेल्या फ्रॅप चाचणीत प्लाझ्माच्या क्षमतेचा मोठा वाटा युरिक आम्लाचा असतो. म्हणजे गाऊटच्या रुग्णाचा रिपोर्ट निरोग्यापेक्षा सरस येईल! अशा आकड्यावर आरोग्याची जाहिरात करणे आपल्या व्यवसायाला शोभत नाही.

फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेली, १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी आठवा. ज्यांच्या रक्तात मुळातच बीटा-कॅरोटीन जास्त होते, त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळला. पण रोज २० मिलिग्रॅमची गोळी देऊन रक्तातले प्रमाण कित्येक पटींनी वाढवले, तेव्हा त्याच कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी वाढले. मापन चोख होते. अर्थ लावणारे घाईत होते: आहार, राहणी अशा अनेक गोष्टींची खूण असलेल्या घटकालाच त्यांनी औषध मानले.

म्हणून या परिषदेसमोर मी तीन सूचना ठेवतो. ट्यूब फॉइलमध्ये गुंडाळली होती का आणि प्लाझ्मा किती वेळात वेगळा केला, याची नोंद रिपोर्टवर असावी. टोकोफेरॉलसोबत कोलेस्टेरॉल आणि रेटिनॉलसोबत सीआरपी दिल्याशिवाय रिपोर्ट पुरा समजू नये. आणि ‘एकूण क्षमता’ ही चाचणी संशोधनापुरती ठेवून रुग्णांच्या पॅकेजमधून काढावी.

यातून खर्च वाढेल, काही ग्राहक दुरावतील, हे मी जाणतो. पण आपल्या सहीवर भरवसा ठेवून डॉक्टर औषध लिहितो आणि रुग्ण ते गिळतो. त्या सहीखालचा आकडा कुठल्या परिस्थितीत खरा आहे, हे सांगणे आपल्या कामातच मोडते. आजच्या सत्रांत या सूचनांवर कडक टीका व्हावी आणि समारोपापूर्वी त्यांचा ठराव व्हावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.