कासवांचें घर हलवितांना



देवळाच्या सभामंडपांत शिरतांना गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतें. त्याला नकळत हात लावून आपण पुढें जातों. त्या कासवाविषयीं आपल्याकडे एक गोड समजूत आहे. कासवी पिलांना पाजीत नाहीं, भरवीत नाहीं. ती केवळ प्रेमळ दृष्टीनें पाहते आणि तेवढ्यानें पिलें पोसलीं जातात. संतांनीं गुरुकृपेला हीच उपमा दिली. उपमा म्हणून ती अढळ राहील. परंतु समुद्रावरची हकीगत वेगळी आहे. तेथें मादी रात्रीं वाळूंत खड्डा करते, शंभर-सव्वाशें अंडीं घालते, वर वाळू लोटते आणि पाण्यांत निघून जाते. पिलें तिला कधीं दिसतच नाहींत. राखण करावयाची ती माणसानेंच. आणि राखण करतांना त्या जीवांचें घर हलवावें कीं हलवूं नये, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

रत्नागिरी जिल्ह्यांत, मंडणगड तालुक्यांत, वेळास नांवाचें गांव आहे. नाना फडणविसांच्या घराण्याचें हें मूळ गांव. २००२ सालीं चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे लोक समुद्रगरुडांची पाहणी करीत असतां त्यांना येथें कासवांच्या अंड्यांचीं टरफलें आढळलीं. घरटीं माणसें उकरीत, कोल्हीं-कुत्रीं उकरीत. श्री. भाऊ काटदरे व त्यांचे सहकारी यांनीं गांवकऱ्यांची समजूत घातली, किनाऱ्यावर कुंपण घालून उबवणी केंद्र उभें केलें, आणि किनाऱ्याची खडान्‌खडा माहिती असलेले गांवकरीच ‘कासवमित्र’ झाले. भल्या पहाटे ते वाळूवर फिरतात. वल्ह्यांसारख्या पायांच्या खुणा दिसल्या कीं काठीनें जागा चांचपतात, हातांनीं अंडीं काढतात, मोजतात, आणि कुंपणांत तेवढाच खोल, सुरईच्या घाटाचा खड्डा करून त्यांत ठेवतात. पाटीवर तारीख आणि आंकडा लिहितात. दीड-दोन महिन्यांनीं पिलें वर येतात, तीं समुद्राच्या दिशेनें वाळूवर सोडून देतात. चालावयाचें तें त्यांचें त्यांनींच.

यांत एक बारकावा आहे. कोंबडी उबवितांना आपलीं अंडीं वारंवार फिरविते. म्हणून आपणांस वाटतें, अंडें फिरलें तर काय बिघडलें? कासवाचें अंडें तसें नव्हे. घातल्यावर कांहीं तासांतच आंतला गर्भ वरच्या बाजूच्या पापुद्र्याला चिकटतो. त्यानंतर अंडें उलटें झालें तर तो दगावतो. म्हणजे हलवावयाचें तर पहिल्या कांहीं तासांतच, आणि तेंहि वरची बाजू वर ठेवूनच. वर्षाच्या मध्येंच मुलाची शाळा बदलूं नका, असें मी पालकांना सांगत असें. कासवाचें वेळापत्रक त्याहून कडक आहे. शिवाय पिलूं नर होणार कीं मादी, हें वाळूच्या उष्णतेवर ठरतें. ऊन वाळूंत माद्या अधिक, गार वाळूंत नर अधिक. तेव्हां कुंपण उघड्यावर घातलें कीं सावलींत, एवढ्यानेंहि पिढीचा तोल ढळूं शकतो. घरटें मूळ जागीं सुरक्षित राहत असेल तर त्याला हात लावूं नये, असें जाणते लोक सांगतात तें याचसाठीं. वेळासच्या कष्टांना मी मनापासून मान देतों. परंतु तो संकटांतला तोडगा आहे, नित्याची रीत नव्हे.

कोणी म्हणेल, कासवें तरी कोठें एका जागीं राहतात? खरें आहे. ओडिशांत २०२१ सालीं बिल्ला लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारींत आपल्या गुहागरला येऊन अंडीं घालून गेली. पण ती आपल्या पायांनीं आणि आपल्या वेळीं आली.

नदीच्या कासवांसाठीं काशीस १९८९ सालीं अभयारण्य झालें. रामनगरच्या किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंत सुमारें सात किलोमीटर गंगा. म्हणजे अहिल्याबाई, शिंदे, भोसले यांनीं बांधलेल्या घाटांच्या पायऱ्यांसमोरच. गंगेंत टाकलेलीं अर्धवट जळलेलीं प्रेतें कासवांनीं खावींत, म्हणून तीं वाढवून तेथें सोडीत. २०२० सालीं तें अभयारण्य रद्द झालें आणि प्रयागराज, मिर्झापूर व भदोही या जिल्ह्यांत तीस किलोमीटरांचा नवा पट्टा जाहीर झाला. पट्टा मोठा आहे, हें कबूल. परंतु अंडीं घालावयास लागणारा वाळूचा उंचवटा सरकारी कागदाबरोबर जात नाहीं. तो नदीच घडविते, आणि वाळूउपशानें तो जातो.

समुद्र आणि गंगा या दोहोंपासून दूर, गारखेड्यांत राहणाऱ्या माणसानें हें कां सांगावें? आमच्या छत्रपती संभाजीनगरांत सिद्धार्थ उद्यानांतील प्राणिसंग्रहालयाची मान्यता, जागा अपुरी म्हणून, २०१८ सालीं केंद्रीय प्राधिकरणानें काढली आणि प्राणी मिटमिट्याच्या प्रशस्त उद्यानांत नेण्याच्या योजनेला जोर आला. बोलणें होतें तें वाघांचें. कासवाचें नांव कोणी काढीत नाहीं. तें ओरडत नाहीं हेंच त्याचें दुर्दैव. अमेरिकेंत गोफर नांवाचें जमिनीवरचें कासव आहे. तें नव्या रानांत सोडलें कीं पुष्कळदां तेथून निघून जातें. मात्र वर्षभर तेथेंच कुंपणांत ठेवून मग कुंपण काढलें तर बहुतेक तेथेंच राहतात, असें प्रयोगांत दिसलें. तेव्हां मिटमिट्यास कासवें ठेवावयाचीं असतील तर नकाशांत तळ्यालगत वाळूचा उतार, उन्हांत बसावयास दगड, आणि नव्यानें आणलेल्यांसाठीं वेगळें कुंपण यांची जागा आतांच आंखून घ्यावी. भिंती उठल्यावर ती सांपडणार नाहीं.