मुलांना घेऊन गळाला जाऊ



मिरगाचा पाऊस पडला, की आपल्या पनवेलकडची पोरं गळ घेऊन पाण्याकडे पळतात. "जाऊ नको" म्हटलं तरी चोरून जातात. त्यापेक्षा आईच बरोबर गेली तर?

जाताना जागा बघून निवडा. गाढी नदी माथेरानच्या डोंगरातून येते. वर पाऊस झाला, की खाली ऊन असतानाही पाणी चढतं. म्हणून पावसाळ्यात नदी नको, धरण नको. उघाडीच्या दिवशी गावतळ्याचा उथळ काठ बरा. ओढ्याचं पाणी एकदम गढूळ झालं, काटक्या-पाचोळा वाहत आला, तर तिथून लगेच वर यायचं, हे मुलांना काठावर उभं राहूनच समजावा.

सामान थोडंच लागतं : बांबूची काठी, दोरी, बारीक गळ आणि गांडूळ किंवा कणकेची गोळी. गळ टाकण्याआधी मागे कोणी उभं नाही ना, ते बघायची सवय लावा.

वलगणीला मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट चढतात. पोट फुगलेली मादी मिळाली, तर मुलाच्याच हातून पाण्यात सोडा. समुद्रातही १ जूनपासून मासेमारी बंद ठेवतात, ती माशांची वीण वाढावी म्हणूनही.

आणि मुलीला घरी ठेवू नका. खाडीत निवट्या, खेकडे धरणाऱ्या बाया आपल्यातल्याच आहेत.

सगळ्यांना दरवेळी वेळ मिळत नाही. गटाच्या पुढच्या बैठकीत पाळी ठरवा : दर रविवारी दोघी आयांनी चार-पाच मुलं न्यायची. मासा मिळो न मिळो, मुलं आपल्या नजरेसमोर राहतील.