हिशेब द्या

(युवक शिबिरात केलेलं भाषण)



मला विषय दिलाय 'जगाचा विकास आणि भूक'. मी गोदीत गोण्या उचलतो, शिक्षण मॅट्रिक. जग मला पुस्तकातून कमी आणि गोणीवरून जास्त कळलं. गोणीवर देशाचं नाव छापलेलं असतं. कॅनडा. म्यानमार. टांझानिया. मोझांबिक. पाठीवर घेताना वाचायचं, तेवढाच आपला भूगोल.

तर मोझांबिकच्या तुरीबद्दल बोलतो.

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा हा देश. १९७५ पर्यंत पोर्तुगिजांच्या टाचेखाली होता. तिथला लहान शेतकरी तूर पेरतो, ती बहुतेक आपल्या वरणासाठी. २०१६ मध्ये आपल्या सरकारनं त्यांच्याशी करार केला: पिकवा, आम्ही घेतो. लोकांनी पेरलं. २०१७ मध्ये आपल्याकडेच तूर मायंदाळ झाली, भाव पडले, सरकारनं आयातीवर बंधनं घातली. मग तिकडंही भाव कोसळला. इथला शेतकरी मेटाकुटीला, तिथलाही मेटाकुटीला. दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नाही.

त्यातून सावरतात तोच १४ मार्च २०१९ च्या रात्री इदाई चक्रीवादळ त्यांच्या बेइरा बंदरावर आदळलं. कापणी तोंडावर आलेली. सात लाख हेक्टरांवरची पिकं पाण्यात. एकट्या मोझांबिकमध्ये सहाशेवर माणसं गेली. सहा आठवड्यांत केनेथ नावाचं दुसरं वादळ उत्तरेत घुसलं. समुद्र तापला की वादळाला जोर चढतो. तापलेली हवा जास्त पाणी धरते आणि एकदम ओतते. मग समुद्र तापवला कोणी? मोझांबिकचा माणूस वर्षाला अर्धा टनसुद्धा कार्बन डायऑक्साइड सोडत नाही. अमेरिकेचा माणूस चौदा टनांच्या आसपास. आग लावली एकानं, घर जळालं दुसऱ्याचं.

त्या दुसऱ्याला काय मिळालं? मदत गेली, आपल्या नौदलाची जहाजंही पोचली, ते चांगलंच झालं. पण एप्रिल २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं ११ कोटी ८२ लाख डॉलर दिले ते कर्जाऊ. बिनव्याजी असतील, पण कर्जच. म्हंजे बुडाला तोच देणेकरी. आपल्या आज्यापणज्याला हे काय नवीन आहे? आणि जी मदत पोचली ती वाटणारा कोण? गावातलाच पुढारी. यादीत नाव घालायला, धान्याची पिशवी द्यायला त्यानं बायांकडं शरीर मागितलं. 'ह्यूमन राइट्स वॉच'नं तेव्हाच हे नोंदवलंय.

जगालाही गावकूस आहे, दोस्तांनो. आतले ठरवतात, बाहेरचे भोगतात. बाहेरच्यांनी तीसेक वर्षं घसा फोडला तेव्हा २०२२ मध्ये शर्म-अल-शेखला हवामानाच्या नुकसानभरपाईचा निधी कबूल झाला. २०२३ मध्ये दुबईला आकडे बोलले गेले. सगळ्यात जास्त धूर ओकलेल्या अमेरिकेनं किती म्हणावं? पावणेदोन कोटी डॉलर. आणि मार्च २०२५ मध्ये निधीच्या मंडळातून अंगच काढून घेतलं. तरी सगळे त्याला 'मदत' म्हणतात. मदत देणाऱ्याच्या मर्जीची असते. ही देणी आहेत. देणी मागताना मान खाली घालायची नसते.

पण थांबा, टाळ्या वाजवू नका. दिल्लीचं सरकार त्या सभेत गरीब देशांच्या रांगेत उभं राहून न्याय मागतं. बरोबर मागतं. पण घरी आल्यावर?

२६ डिसेंबर २००४. त्सुनामी. तमिळनाडूत सगळ्यात जास्त माणसं नागपट्टिनम जिल्ह्यात गेली, सहा हजारांवर. लाटेनं जात विचारली नाही. छावणीनं विचारली. दलितांना निवाऱ्यात घेईनात, पाण्याला शिवू देईनात. नुकसानभरपाई बोटीच्या मालकाला. दुसऱ्याच्या बोटीवर नि खाडीत राबणारा दलित मजूर, त्याच्या नावावर बोट कुठली? म्हणून त्याचं काही बुडालंच नाही. आणि कुजलेली मढी उचलायला? नगरपालिकांतून सफाई कामगार आणले, बहुतेक दलित. कित्येकांच्या हाताला मोजे नाहीत, पायात बूट नाहीत. मेलेली ढोरं ओढायचं आपण सोडलं. त्यांनी माणसं ओढायला लावली.

लांब कशाला, मराठवाडा घ्या. सप्टेंबर २०२५ मध्ये नद्या शेतात शिरल्या. पिकाचे पंचनामे झाले ते सातबारा बघून. शेतकऱ्याला मिळावं, मिळतं त्याहून जास्त मिळावं, त्यात दुमत नाही. पण सोयाबीन काढायला जाणाऱ्या भूमिहीन बाईचा हंगाम वाहून गेला, तो कुठल्या रकान्यात लिहिला? कुठल्याच नाही.

आता म्हणतील, बाबा रे, धान्यच कमी. साफ खोटं. जगात वर्षाला सुमारे २८० कोटी टन धान्य पिकतं. भागाकार करा. माणशी रोज जवळजवळ किलो. त्यातलं कितीतरी जनावरांना जातं, मोटारींच्या इंधनात जातं. आणि २०२४ मध्ये ६७ कोटी माणसं उपाशी. धान्य आहे, काटा दुसऱ्याच्या हातात आहे.

माझ्या आईचंच सांगतो. लोकांची भांडी घासून तिच्या बोटांच्या रेघा गेल्या. रेशनच्या दुकानात यंत्रावर अंगठा ठेवते, यंत्र म्हणतं ही बाई नाय. दोन महिने दुकानदारानं तिला परत पाठवली. २०१३ च्या कायद्यानं माणशी पाच किलोचा हक्क आहे. अंगठा जुळला नाही म्हणून धान्य नाकारायचं नाही, असं केंद्रानं २०१७ मध्येच कळवलंय. हे मला कळलं तिसऱ्या महिन्यात. तोपर्यंत आई 'यंत्र बिघडलंय' म्हणून उधारीचं पीठ आणत होती. एकलव्याचा अंगठा कापून घेतला. आमचा झिजवून घेतात आणि वर पुरावा मागतात.

मग करायचं काय? कविता मी लिहितोच, पण कवितेनं पंचनामा होत नाही. पूर आला, आग लागली, की पहिल्या दिवशी आपली पोरं वस्तीत पाहिजेत. यादी आपण करायची: मजूर, भाडेकरू, भूमिहीन, एकट्या बाया. सरकारी यादी वस्तीत मोठ्यानं वाचायला लावायची. बुडालेल्या मजुरीची भरपाई मागायची. मढी उचलायला जात बघून माणूस लावला तर काम बंद पाडायचं. रेशनच्या दुकानावर एकट्या म्हातारीला पाठवायचं नाही, दहा जणांनी जायचं. आणि मोझांबिकचा माणूस भरपाई मागतो तेव्हा तो आपलाच भाऊ समजायचा, मग आपलं सरकार त्याच्या बाजूनं असो की नसो.

गोदीत बोट रिकामी होताना टॅलीवाला वही घेऊन बसतो. एक गोण कमी भरली तर आमची झडती घेतात, डब्यातली भाकरी उलटी करून बघतात. ठीक आहे. हिशेब चांगलीच गोष्ट आहे. आता वही आमच्याकडं द्या. तुमचे डबे आम्ही उघडतो.

जयभीम.